कोरियन नावामागचे अक्षर कसे शोधावे

कोरियन नाव कानावर पडले की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याचा मोह मराठी माणसाला होतोच, कारण आपल्याकडे नाव हा बहुधा भाषेतलाच एक शब्द असतो. ‘सुमेधा’ किंवा ‘निरंजन’ ऐकावे, कोश उघडावा आणि अर्थ वाचावा, इतके ते सरळ आहे. कोरियन नावाचे तसे नाही. तिथे उच्चार हा नावाचा अर्धाच भाग असतो आणि उरलेला अर्धा भाग त्या उच्चारासाठी घरच्यांनी निवडलेल्या चिनी अक्षरांत असतो. या अक्षरांना कोरियात ‘हान्जा’ म्हणतात. एकाच उच्चाराची अनेक हान्जा असल्यामुळे ‘सू-जिन’ नावाच्या दोन मुलींच्या नावांचा अर्थाच्या दृष्टीने एकमेकींशी काडीचाही संबंध नसू शकतो.

कोरियन शिकायला लागल्यावर पहिल्या वर्षी मी याच ठिकाणी चुकले होते. ‘सू’ म्हणजे पाणी आणि ‘जिन’ म्हणजे खरे, एवढे दोन शब्द नुकतेच पाठ झाले होते, आणि त्या भरवशावर मी एका सू-जिनला तिच्या नावाचा अर्थ ‘निर्मळ पाणी’ असा सांगून टाकला. तिने शांतपणे सांगितले की तिच्या नावातला ‘सू’ म्हणजे ‘सरस’ आणि ‘जिन’ म्हणजे ‘मौल्यवान वस्तू’. दोन्ही अक्षरे तिच्या आजोबांनी निवडली होती. त्या दिवसापासून मी कोरियन नावाचा अर्थ अंदाजाने सांगत नाही, आणि ज्यांना भाषांतरासाठी, अभ्यासासाठी, नोकरीच्या निमित्ताने किंवा केवळ आवडीपोटी ही नावे समजून घ्यायची आहेत त्यांनीही तसे करू नये, म्हणून पुढची पद्धत लिहीत आहे.

अक्षराचे वजन किती असते, हे किम गू यांच्या नावावरून चांगले कळते. कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले हे नेते, शांघायमध्ये स्थापन झालेल्या हंगामी सरकारचे पुढे अध्यक्ष झाले. त्यांच्या नावातला ‘गू’ पूर्वी कासव या अर्थाच्या अक्षराने लिहिला जात असे. जपानी राजवटीच्या तुरुंगात असताना त्यांनी ते अक्षर सोडून ‘नऊ’ या अर्थाचे ‘गू’ घेतले, कारण जपानी दप्तरात नोंदलेल्या नावाशी त्यांना संबंध ठेवायचा नव्हता. हाक मारणाऱ्याच्या तोंडी नाव होते तेच राहिले, पण कोरियन समजुतीप्रमाणे नाव बदलले होते.

नावाचे तुकडे आणि त्यांचे देवनागरी लेखन

कोरियन नावात आडनाव आधी येते आणि त्यानंतर दिलेले नाव. आडनाव बहुधा एका अवयवाचे, म्हणजे उच्चाराच्या एका तुकड्याचे, आणि नाव दोन अवयवांचे असते. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बान की-मून यांच्यात ‘बान’ आडनाव आणि ‘की-मून’ नाव. मात्र याला दोन्ही बाजूंनी अपवाद आहेत. नामगुंग, ह्वांगबो, जेगाल अशी काही आडनावे दोन अवयवांची आहेत, तर २०२४ साली साहित्याचे नोबेल मिळालेल्या हान कांग यांचे नाव ‘कांग’ एवढ्या एकाच अवयवाचे आहे. इंग्रजी बातम्यांत कधीकधी नाव आधी आणि आडनाव नंतर छापतात, म्हणून किम, ली, पार्क, चोई, जॉंग यांपैकी काही दिसले तर ते आडनाव समजावे आणि उरलेल्या भागाकडे वळावे. २०१५ च्या जनगणनेत किम आडनावाचे लोक २१.५ टक्के, ली १४.७ टक्के आणि पार्क ८.४ टक्के होते, म्हणजे जवळपास निम्मा देश तीन आडनावांत मावतो. आडनावाने माणूस ओळखू येत नाही, त्यामुळे ओळखीचा बहुतेक भार दिलेल्या नावावर पडतो.

इथे देवनागरीचा आपल्याला मोठा आधार आहे आणि तो घेतला जात नाही, याची मला खंत वाटते. कोरियनमध्ये दोन वेगळे ‘ओ’ आहेत. त्यांतला एक आपल्या ‘ओठ’मधल्यासारखा आणि दुसरा ‘डॉक्टर’मधल्या ‘ऑ’च्या जवळचा. रोमन लिपीत हा दुसरा स्वर दोन अक्षरांनी दाखवतात, आणि ते पाहून मराठी मजकुरात ‘सेओ-येओन’ असे लिहिले जाते, जे कोणत्याही कोरियन माणसाला ओळखू येणार नाही. ते नाव ‘सॉ-यॉन’ असे लिहावे. ख, छ, थ, फ यांसारखे महाप्राणही कोरियनमध्ये आहेत आणि ते आपल्याला जसेच्या तसे लिहिता येतात. कोरियनमधला जो स्वर आपल्या ‘अ’ आणि ‘उ’ यांच्या मध्ये पडतो, तो मी इथे ‘उ’ने लिहिला आहे. प्रसिद्ध व्यक्तींची रूढ झालेली रूपे मात्र मोडू नयेत. ‘बान की-मून’ हे तसेच राहू द्यावे.

आडनावाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘किम’ ज्या अक्षराने लिहितात, त्याचा अर्थ सोने किंवा धातू असा आहे आणि इतरत्र तेच अक्षर ‘गुम’ असे वाचतात. आडनावात आणि गिमहे, गिम्पो अशा काही गावांच्या नावांत तेवढे ते ‘गिम’, म्हणजे रूढ लेखनातले ‘किम’, होते. ‘ली’ म्हणजे आलुबुखाराच्या जातीचे झाड. दक्षिण कोरियात शब्दारंभीचा ‘र’ गळतो म्हणून याचा उच्चार नुसता ‘ई’ होतो, तर उत्तर कोरियात ‘री’ म्हणतात. एकाच अक्षराची ही तीन रूपे पाहून तीन घराणी समजू नयेत.

अक्षर आहे की नाही, हे आधी ठरवावे

प्रत्येक कोरियन नावामागे हान्जा असतेच असे नाही. हानुल म्हणजे आकाश, आरुम म्हणजे सौंदर्य, सुल्गी म्हणजे शहाणपण. ही शुद्ध कोरियन शब्दांची नावे आहेत आणि ती हान्गुल या कोरियन लिपीतच नोंदली जातात. हान्गुल राजा सेजोंगने १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली, पण अधिकृत नावे पुढे कित्येक शतके चिनी अक्षरांतच राहिली. शुद्ध कोरियन नावांची आवड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९८० च्या दशकात वाढली. अशा नावांचा अर्थ साध्या कोरियन कोशात मिळतो आणि त्यांच्या बाबतीत आपली मराठी सवय बरोबर ठरते. अडचण एवढीच की काही नावे दोन्हीकडे बसतात. ‘नारा’ म्हणजे कोरियनमध्ये देश, पण ‘ना’ आणि ‘रा’ या दोन अवयवांना हान्जाही देता येतात, त्यामुळे दिसायला शुद्ध कोरियन असलेल्या नावाच्या बाबतीतही विचारल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

उत्तर कोरियाने १९४९ पासून लेखनातून हान्जा काढून टाकल्या. दक्षिणेत त्या नावांपुरत्या टिकल्या आहेत आणि अनेक तरुणांना स्वतःच्या नावाची अक्षरे लिहिता येतात, पण मित्राच्या नावाची कोणती, हे ठाऊक नसते. म्हणून ज्याचे नाव आहे त्यालाच विचारावे, किंवा त्याच्या घरच्यांना.

अक्षर तोंडी कसे सांगतात

कागद हाताशी नसताना कोरियन माणूस आपल्या नावाचे अक्षर दुसऱ्याला कसे कळवतो, हे शिकले की निम्मे काम झाले. या रीतीला ‘हुन-उम’ म्हणतात. आधी त्या अक्षराचा अर्थ सांगणारा कोरियन शब्द आणि मग त्याचा चिनी वळणाचा उच्चार, अशी जोडी करून अक्षर सांगायचे. लहान मुले पूर्वी हजार अक्षरांचा पाठ असाच घोकत: ‘हानुल छॉन, त्तांग जी’, म्हणजे आकाशाचा ‘छॉन’, जमिनीचा ‘जी’. मराठीत समजा ‘पाण्याचे जल, आगीचे अनल’ असे म्हणत अक्षरे पाठ केली, तर जवळपास तसेच ऐकू येईल.

आता ‘सू’ हा अवयव घ्या. ‘प्पॅऑनाल सू’ म्हटले तर सरस, उठून दिसणारा. ‘मोकसुम सू’ म्हटले तर आयुष्य. ‘मुल सू’ म्हणजे पाणी. ‘जिखिल सू’ म्हणजे राखणारा. ‘ह्यॉन’चेही तसेच. ‘ऑजिल ह्यॉन’ म्हणजे सुज्ञ आणि सात्त्विक, ‘गॉमुल ह्यॉन’ म्हणजे काळसर, गहन, आणि ‘नाथानाल ह्यॉन’ म्हणजे प्रकट होणारा. ‘मिन’ म्हटले तर ‘हानुल मिन’ आकाशाचा असू शकतो, ‘ओक्तोल मिन’ जेडसारख्या मौल्यवान दगडाचा. बीटीएस या कोरियन गायकवृंदातल्या पार्क जी-मिनच्या नावात पहिले अक्षर शहाणपणाचे आणि दुसरे आकाशाचे आहे. त्याच नावाच्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावात ही दोन्ही अक्षरे वेगळी असू शकतील.

हुन-उम ऐकताना नवशिक्याची एका ठिकाणी हमखास गल्लत होते. ‘गिल यॉंग’ असे कोणी सांगितले तर ‘गिल’ म्हणजे रस्ता, एवढे आपल्याला येत असते आणि आपण ‘रस्त्याचा यॉंग’ असे लिहून मोकळे होतो. पण हा ‘गिल’ लांब असणे या क्रियापदाचे रूप आहे आणि अक्षराचा अर्थ ‘चिरकाल’ असा आहे. हुन-उममधला पहिला शब्द पुष्कळदा जुन्या भाषेतला असतो, त्यामुळे तो रोजच्या कोशात पाहू नये; चिनी अक्षरांच्या कोशात, ज्याला ‘ओकप्यॉन’ म्हणजे शब्दशः ‘जेडचा ग्रंथ’ म्हणतात, त्यात पाहावा. काही अक्षरांचा मूळ कोरियन शब्द वापरातूनच गेला आहे. नदीला पूर्वी ‘गाराम’ म्हणत; आता चिनी वळणाचा ‘कांग’ हाच रोजचा शब्द झाल्याने त्या अक्षराची ओळख ‘कांग कांग’ अशी करून दिली जाते.

हान कांग यांच्या नावात हेच नदीचे अक्षर आहे. सॉउल (सोल) शहरातून वाहणाऱ्या नदीचे नावही हान्गांग, आणि हान्गुलमध्ये दोन्ही नावे अगदी सारखी लिहिली जातात. तरीही नदीतला ‘हान’ आणि आडनावातला ‘हान’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. आडनावातला ‘हान’ ‘हान्गुक’, म्हणजे कोरिया, या शब्दातला आहे. कानाला आणि डोळ्याला एकसारखी असलेली दोन नावे हान्जात वेगळी होतात, ती अशी.

विचारताना आदराने विचारावे. ‘सॉंगहामुल हान्जारो ऑत्तॉखे स्सुसेयो?’ म्हणजे ‘आपले नाव हान्जात कसे लिहिता?’ हे वाक्य पाठ करून ठेवावे. ‘सॉंगहाम’ हा ‘नाव’ या शब्दाचा आदरार्थी पर्याय आहे. उत्तर मिळाले की ऐकलेली जोडी जशीच्या तशी देवनागरीत टिपून घ्यावी आणि अर्थ नंतर पाहावा. माझा अनुभव असा की हा प्रश्न बहुतेकांना आवडतो, कारण त्यानिमित्ताने नाव कोणी ठेवले, ही गोष्ट निघते.

अर्थ कसा वाचावा

दोन अक्षरांचे अर्थ मिळाले की त्यांचे वाक्य करण्याची घाई करू नये. पुष्कळ नावांत दोन शुभ अक्षरे शेजारी ठेवलेली असतात आणि त्यांच्यात कर्ता-कर्म असा संबंध अभिप्रेत नसतो. बान की-मून यांच्या नावात पाया आणि अक्षरविद्या आहेत. माजी राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-ह्ये यांच्या नावातला ‘गुन’ जास्वंदीच्या कुळातल्या फुलाचा आहे, जे कोरियाचे राष्ट्रीय फूल मानले जाते, आणि ‘ह्ये’ कृपेचा. कवी युन दोंग-जू यांच्या नावात पूर्व दिशा आणि खांब आहे. भाषांतरात ‘पूर्वेचा आधारस्तंभ’ असे लिहिणे मोहक वाटते, पण ती आपली भर झाली. ‘पूर्व’ आणि ‘खांब’ एवढेच लिहावे आणि संबंध वाचकावर सोडावा.

एकच अक्षर अनेक नावांत भेटू लागले की वाचन सोपे होते. दिग्दर्शक बोंग जून-हो आणि बीटीएसचा किम नाम-जून यांच्या नावातला ‘जून’ एकच आहे, ‘असामान्य माणूस’ या अर्थाचा. एकाच्या नावात त्याच्या जोडीला आकाश आहे, तर दुसऱ्याच्या नावात दक्षिण दिशा. अशी वीस-पंचवीस अक्षरे ओळखीची झाली की नवे नाव ऐकल्यावर कोणत्या शक्यता विचाराव्यात, हे तरी कळते. काही अक्षरे विचित्र वाटतील. माजी राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यॉन यांच्या नावातला ‘ह्यॉन’ हा तीन पायांच्या जुन्या कढईच्या कानाचा, म्हणजे ती उचलायच्या कडीचा आहे. असे अक्षर पाहून गोंधळू नये. कोरियन नावात अक्षराच्या अर्थाइतकेच त्याच्या घडणीला महत्त्व असते, आणि या अक्षरात धातूचे अंग आहे.

घडणीचा हा मुद्दा समजायला आपल्याकडचे बारसे आठवावे. आपण जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतो. कोरियात परंपरा मानणारी कुटुंबे जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांवरून लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाचांपैकी बाळाच्या वाट्याला काय कमी आले, ते पाहतात आणि ते तत्त्व ज्याच्या घडणीत आहे असे अक्षर निवडतात. हे काम करणारे व्यावसायिक आहेत आणि त्यांच्या दुकानाला ‘जाक्म्यॉंगसो’ म्हणतात. तिथे अक्षराचे फटकारेही मोजले जातात. फलिताविषयी कोणाचे काहीही मत असो, नावात एखादे अनपेक्षित अक्षर का आले, याचा खुलासा पुष्कळदा इथे सापडतो.

पिढीचे अक्षर

नावाचा एक भाग बाळाचा स्वतःचा नसून साऱ्या पिढीचा असू शकतो. घराण्यातल्या एका पिढीच्या सगळ्या मुलग्यांच्या नावात एक अक्षर समान ठेवतात. त्याला बोलीत ‘दोल्लिम-जा’ म्हणतात. ते कोणते असावे, हे घराण्याच्या वंशावळीत, म्हणजे ‘जोकबो’त, पुष्कळदा आधीच ठरलेले असते. वर सांगितलेली पाच तत्त्वे क्रमाने वापरण्याची रीत यात खूप आढळते: एका पिढीच्या अक्षरात लाकडाचे अंग, पुढच्या पिढीच्या अक्षरात अग्नीचे, आणि पाचव्यानंतर पुन्हा लाकडाकडे.

याचे स्वच्छ उदाहरण ह्युंदाईचे संस्थापक जॉंग जू-यॉंग यांच्या कुटुंबात दिसते. त्यांच्या भावांची नावे इन-यॉंग, सुन-यॉंग, से-यॉंग, सांग-यॉंग. समान अक्षर ‘चिरकाल’ या अर्थाचे ‘यॉंग’, आणि ते शेवटी. पुढच्या पिढीत मोंग-गू, मोंग-हॉन, मोंग-जून. समान अक्षर ‘मोंग’ म्हणजे स्वप्न, आणि ते सुरुवातीला. नातवंडांत उइ-सॉन, जी-सॉन, की-सॉन. आता समान ‘सॉन’ पुन्हा शेवटी गेले. समान अक्षराची जागा पिढीगणिक अशी आलटून पालटून येते. तळेगावच्या मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या कोणाही मराठी माणसाला समूहाचे आजचे प्रमुख जॉंग उइ-सॉन हे संस्थापकांचे नातू आहेत, हे नुसत्या नावांच्या रांगेवरून पडताळता येईल. म्हणून भावांची आणि चुलत भावांची नावे मिळाली तर ती एकाखाली एक लिहावीत. समान अक्षर वेगळे काढले की उरलेले अक्षर त्या व्यक्तीसाठी खास निवडलेले, हे समजते.

आपल्या पद्धतीशी यातला एक भेद मात्र मनात पक्का ठेवावा. मराठी माणूस वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून मिरवतो. कोरियन माणूस वडिलांचे नाव स्वतःच्या नावात येऊ देत नाही, आणि आईवडिलांचेच नाव मुलाला द्यायला नोंदणीचे नियमही परवानगी देत नाहीत. वडिलांचे नाव विचारले तर ते एका दमात उच्चारणे अनादराचे मानतात आणि प्रत्येक अवयवानंतर ‘जा’, म्हणजे ‘अक्षर’, लावून सांगतात; नाव होंग गिल-दोंग असेल तर ‘होंग, गिल-जा, दोंग-जा’. आडनावाला ‘जा’ लागत नाही. हे ऐकून वडिलांचे नाव ‘गिलजा’ होते असे टिपू नये. या संकोचाचे टोक जुन्या राजघराण्यात दिसते. राजाच्या नावाचे अक्षर प्रजेने लिहायचे नसे, म्हणून राजपुत्रांना मुद्दाम एकाच अवयवाची आणि क्वचित वापरातल्या अक्षरांची नावे देत. सेजोंग राजाचे स्वतःचे नाव ‘दो’ होते.

काळाची खूण

नावावरून माणसाच्या जन्माचा काळ बऱ्यापैकी ओळखता येतो. स्त्रियांच्या नावाच्या शेवटी ‘जा’ आला, जसे यॉंग-जा, सुन-जा, तर जन्म बहुधा जपानी राजवटीच्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच झालेला असतो, कारण जपानी स्त्रियांच्या नावांतला शेवटचा ‘को’ ज्या अक्षराने लिहितात, त्याच अक्षराचा कोरियन उच्चार ‘जा’ आहे. १९४५ साली जन्मलेल्या मुलींमध्ये यॉंग-जा हेच सर्वाधिक ठेवले गेलेले नाव होते. हा ‘जा’ ‘मूल’ या अर्थाचा आहे. वडिलांच्या नावामागे लावायचा ‘जा’ वेगळा. त्याच पिढीत माल-जा किंवा माल-सुक अशी नावे भेटतात. ‘माल’ म्हणजे शेवट. मुलींवर मुली झाल्या, आता ही शेवटची असो, ही इच्छा त्या अक्षरात आहे. आपल्याकडे नकोशी, नकुशा ही नावे ज्या घरांत ठेवली गेली, त्या घरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. भाषांतरात असा अर्थ झाकू नये. २००८ साली मुलांमध्ये मिन-जून आणि मुलींमध्ये सॉ-यॉन ही नावे आघाडीवर होती. त्यांच्यात ना ‘माल’ आहे ना ‘जा’.

१९४० साली जपानी सरकारने कोरियन कुटुंबांना जपानी वळणाची आडनावे घ्यायला लावली, आणि सहा महिन्यांच्या मुदतीत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी तशी नोंद केली. युन दोंग-जू यांनाही जपानमध्ये शिकायला जाताना ‘हिरानुमा’ हे आडनाव लावावे लागले. त्या वर्षांतली कागदपत्रे वाचताना आडनाव जुळत नाही म्हणून व्यक्ती वेगळी ठरवू नये. दिलेल्या नावाची अक्षरे पाहावीत, ती अनेकदा तीच असतात. १९४६ मध्ये मूळ नावे परत घेण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली.

मराठी-कोरियन घरातल्या बाळासाठी

पुण्यात कोरियन कंपन्यांमुळे आणि इतरत्र शिक्षणामुळे अशी घरे आता आहेत, म्हणून हा भाग. कोरियात जन्माची नोंद एका महिन्याच्या आत करावी लागते आणि आडनाव सोडून नाव जास्तीत जास्त पाच अवयवांचे असू शकते. हान्जा द्यायची असेल तर ती सर्वोच्च न्यायालयाच्या नावांसाठीच्या यादीतलीच हवी. ही यादी १९९१ मध्ये लागू झाली तेव्हा तीत तीन हजारांहून कमी अक्षरे होती. २०१५ मध्ये ती ८,१४२ झाली आणि २०२४ मध्ये नऊ हजारांच्या पुढे गेली. यादीबाहेरचे अक्षर घेतले तर नाव केवळ हान्गुलमध्ये नोंदले जाते, म्हणून अक्षर आवडल्यावर प्रथम यादी पाहावी आणि मगच आजीआजोबांना सांगावे.

दोन्ही भाषांत चालणारा उच्चार निवडणे अवघड नाही. ‘मीना’ला सौंदर्याचा ‘मी’ आणि डौलाचा ‘ना’ देता येतो. ‘जिया’ला शहाणपणाचा ‘जी’. ‘मीरा’ हे आपले लाडके नाव कोरियातही ठेवतात, पण तोच उच्चार ‘ममी’चा, म्हणजे जतन केलेल्या प्रेताचाही आहे, हे आधी माहीत असलेले बरे. आडनावासकट नाव मोठ्याने म्हणून एखाद्या कोरियन माणसाला ऐकवावे, कारण आडनाव आणि पहिला अवयव जोडून भलताच शब्द होण्याची शक्यता परक्या कानाला कळत नाही.

टिपून ठेवताना

विचारायला माणूस समोर नसेल तर ऐतिहासिक व्यक्तींची अक्षरे कोरियन विश्वकोशात नावापुढेच दिलेली असतात, आणि जिवंत व्यक्तींच्या ओळखपत्रावर हान्गुल नावाशेजारी कंसात हान्जा असतात. चिनी वर्तमानपत्रांतले रूप पुरावा म्हणून घेऊ नये, कारण मूळ अक्षर न मिळाल्यास तिथे उच्चाराला जुळणारे अक्षर योजले जाते. नोंद करताना देवनागरी उच्चार, प्रत्येक अवयवाचा हुन-उम आणि ही माहिती कोणाकडून मिळाली, हे तिन्ही एकत्र लिहावे, उदाहरणार्थ: ‘किम गू, आडनाव सोन्याच्या अक्षराचे, गू, आधी गॉबुक गू म्हणजे कासव, नंतर आहोप गू म्हणजे नऊ, स्वतःच्या आत्मचरित्रावरून.’ अक्षर कळले नसेल तर अर्थाची जागा कोरी ठेवावी.